मदत हवी आहे: हास्केलमध्ये मराठी मजकूर वाचायला कोणती पार्सर लायब्ररी?

घरखर्चाची वही मी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये ठेवतो. एक ओळ अशी: '०५ जून किराणा १२५०'. ती वाचणारा प्रोग्रॅम हास्केल या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहायला घेतला (हौस, दुसरं काय!) आणि पार्सर लायब्ररी (मजकुराचे तुकडे पाडून अर्थ लावणारा तयार कोड) निवडतानाच अडकलो.

सुरुवात पार्सेक या लायब्ररीने केली, कारण ती जीएचसी या हास्केलच्या कंपायलरबरोबरच येते. पहिल्याच ओळीला आपटलो. तिचा 'डिजिट' फक्त इंग्रजी ० ते ९ ओळखतो, देवनागरी नाही. 'लेटर' तर 'किराणा'मधल्या 'क'वरच थांबला! युनिकोडच्या हिशेबात वेलांटी आणि काना ही अक्षरं नाहीत, चिन्हं आहेत. शेवटी 'सॅटिस्फाय'मध्ये (अटीत बसणारं अक्षर उचलणारं फंक्शन) 'इझमार्क'ची, म्हणजे 'हे चिन्ह आहे का' ही, अट घालून भागवलं.

आता मेगापार्सेककडे जावं की अ‍ॅटोपार्सेककडे? मेगापार्सेक पार्सेकमधूनच निघालेली, चुकीचे निरोप ओळ-रकान्यासकट देते. ते मला हवंच आहे, कारण वहीत चुका माझ्याच असतात. पण एक पर्याय फसल्यावर मागे फिरून दुसरा बघायचा तर 'ट्राय' आठवणीने लिहावं लागतं. अ‍ॅटोपार्सेक आपोआप मागे फिरते, वेगवान म्हणतात, पण चूक झाली की कुठल्या ओळीत ते सांगत नाही. दहा वर्षांची वही म्हणजे जेमतेम वीसेक हजार ओळी. एवढ्याला वेगाचा फरक जाणवेल का?

आणि देवनागरी आकडे, जोडाक्षरं यांसाठी कुणी आधीच काही लिहून ठेवलंय का? नसेल तर तुम्ही हे कसं सोडवलंत तेवढं सांगा.