कोल्हापूरच्या रंकाळा तलावाच्या काठासाठी काठालगतच्या घरांकडून जादा घरफाळा (मालमत्ता कर) घ्यावा का?

रंकाळावेस : रंकाळ्याची फिरायची वाट, दिवे, तटबंदी, शिवाय पंचगंगा नदीवरच्या घाटाची सफाई, या सगळ्याला दरवर्षी पैसा लागतो. माझं मत असं : काठालगतच्या मिळकतींवर थोडा विशेष आकार बसवावा, तो स्वतंत्र लेखाशीर्षात (हिशेबाच्या वेगळ्या खात्यात) ठेवावा आणि काठावरच खर्चावा. तळं समोर दिसतं म्हणून फ्लॅटचा भाव चढतो, मग तळं राखायला हातभार लावायला काय हरकत? महापालिका अधिनियमाप्रमाणे वर्षाचे करदर 20 फेब्रुवारीच्या आत ठरतात. बोलायचं ते त्याआधी. बिल हातात पडल्यावर बोंब मारून उपयोग नाही.

फुलेवाडीकर : पूर्ण विरोध. आपला घरफाळा भांडवली मूल्यावर आहे. रेडीरेकनरचा (सरकारने ठरवलेल्या बाजारमूल्याच्या तक्त्यातला) दर गुणिले क्षेत्रफळ, त्यावर वापर, बांधकामाचा प्रकार आणि वय यांचे भारांक. तळ्याकाठचा रेडीरेकनर जास्त असेल तर तो मिळकतदार आजच जास्त भरतोय. एकाच गोष्टीचे दोनदा पैसे कशाला? नव्या बांधकामाला एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायद्याखाली विकास शुल्कही लागतं.

आणि माझी खरी भीती वेगळीच आहे. उद्या काठावरच्या सोसायट्या म्हणतील, पैसे आम्ही भरतो, गेटची किल्ली आमच्याकडे. रंकाळ्यावर संध्याकाळी अख्खं गाव येतं, अंबाबाईचं दर्शन घेऊन बाहेरगावचे भाविक येतात. वाट सगळ्यांची, तर खर्चही सगळ्यांच्या फाळ्यातूनच.

घाटकरी : दोघंही पैसा कुठून आणायचा यावर भांडताय, तो कशावर जातो ते बघा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पुराची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. त्याच्या कितीतरी आधी घाटाच्या खालच्या पायऱ्या आणि देवळं पाण्यात असतात. पाणी उतरताना गाळ ओला असतानाच पंपाचा फवारा मारून नदीत लोटावा लागतो. दोन कडक उन्हं बसली की तो घट्ट होतो, मग कुदळ मारावी लागते आणि दगडाचे सांधे उचकटतात. म्हणजे त्या दोन दिवसांसाठी पंप, डिझेल आणि माणसं आधीच ठरलेली हवीत. पूर आल्यावर निविदा काढून हे जमत नाही.

पक्कं रेलिंगही नको. जलपर्णी आणि ओंडके त्यालाच अडकतात, प्रवाहाचा दाब बसतो आणि पायाचे बोल्ट दगडासकट उपटतात. पावसाळ्याआधी काढून ठेवता येईल असंच बसवा. निळी पूररेषा म्हणजे सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द, तिच्या आत पक्कं बांधकाम मागूच नये.

रंकाळावेस : फुलेवाडीकर, किल्लीचा मुद्दा मान्य. मग राहत्या घरांना वगळू. काठावरची हॉटेलं, मंगल कार्यालयं, पार्किंग आणि खाऊच्या गाड्यांच्या जागांचं भाडं एवढंच त्या शीर्षात जमा करू. ठरावातच लिहायचं : वाट सर्वांना खुली, गेट महापालिकेच्या ताब्यात, उघडण्याची वेळ फलकावर.

फुलेवाडीकर : भाड्याला माझी ना नाही, भावा. पण पहिला रुपया फरशीवर नको, नाल्यावर घाला. श्याम सोसायटीकडून, तळ्यालगतच्या परताळ्याकडून सांडपाणी तळ्यात उतरलं की त्यातल्या नत्र-स्फुरदावर जलपर्णी पोसते. वरून कितीही उपसा, खालून खत चालूच. नाला अडवून उपसायच्या पंपाला दुसरा राखीव पंप आणि जनरेटर हवाच, वीज गेली की सगळं पाणी पुन्हा तळ्यात. ही दोन कामं ठरावात क्रमांक एकवर असतील तर माझा विरोध मागे.