मदत हवी आहे: लॅटिन 'पेर्स्वादेओ' (पटवणे) कसे वापरायचे?

प्रश्न
सीझरच्या गॅलिक युद्धावरच्या ग्रंथात (खंड १, परिच्छेद २) हेल्वेती जमातीचा सरदार ओर्गेतोरिक्स याच्याबद्दल म्हटले आहे: 'कीविताती पेर्स्वासित उत् दे फीनिबुस सुईस कुम ओम्निबुस कोपिईस एक्सीरेंत'. म्हणजे, सर्व बळानिशी आपल्या मुलखातून बाहेर पडायला त्याने जमातीला पटवले. जमात हे कर्म ना? मग द्वितीयेचे 'कीवितातेम' का नाही? आणि 'मला पटवले गेले' हे कर्मणीत कसे करायचे?

प्रतिसाद १
ज्याला पटवायचे त्याची चतुर्थीच लागते. मराठीत 'ला' दोन्ही विभक्तींना चालतो, म्हणून आपल्याला फरक जाणवत नाही. इम्पेरो (हुकूम देणे), पारेओ (आज्ञा पाळणे), नोकेओ (इजा करणे) ही क्रियापदेही चतुर्थीचीच. युबेओचा अर्थही हुकूम देणे, पण त्याला द्वितीया आणि इन्फिनिटिव ('करणे'सारखे रूप) लागते. इथे हमखास गल्लत होते.

द्वितीयेतली व्यक्तीच नाही, त्यामुळे कर्मणीत ती कर्ता होऊ शकत नाही. 'पेर्स्वादेओर' लिहू नका. क्रियापद तृतीय पुरुषी एकवचनी ठेवा, चतुर्थी तशीच राहू द्या: 'मिही पेर्स्वादेतुर'. पटून झाले असेल तर नपुंसकलिंगी 'मिही पेर्स्वासुम एस्त'. आपले 'मला पटलं आहे' अगदी याच घडणीचे आहे, तेच डोक्यात ठेवा.

प्रतिसाद २
पुढच्या भागाचेही बघा. काही करायला पटवले तर उत् ('की') + सब्जंक्टिव ('करावे'सारखे रूप). न करायला पटवले तर 'ने', 'उत् नोन' नव्हे. अमुक गोष्ट खरी आहे असे पटवले, तर द्वितीया + इन्फिनिटिव. तुमच्या वाक्यात एकवचनी 'कीविताती'नंतर 'एक्सीरेंत' अनेकवचनी आहे, कारण बाहेर पडणार ती माणसे.

नुसते 'स्वादेओ' म्हणजे सल्ला देणे. समोरचा ऐकेलच असे नाही. 'पेर' लागला की पटलेच. (मूळ धातू संस्कृत 'स्वादु'चाच. फार सुंदर नाते आहे हे!)

धागाकर्ता
दोघांचेही आभार. परिच्छेद ३ मध्ये 'पेर्स्वादेत कास्तिको' (तो कास्तिकुसला पटवतो) वर्तमानकाळी आहे, तरी पुढे 'उत् रेग्नुम... ओक्कुपारेत' (की त्याने राज्य ताब्यात घ्यावे) असे भूतकाळी रूप कसे?

प्रतिसाद १
तो ऐतिहासिक वर्तमान. रूप वर्तमानाचे, घटना भूतकाळातली. सीझरने इथे अर्थाप्रमाणे काळ जुळवला आहे. रूपाप्रमाणे 'ओक्कुपेत'ही व्याकरणात बसले असते. तुम्ही स्वतः लिहिताना मात्र 'पेर्स्वासित' वापरा आणि पुढे 'ओक्कुपारेत'सारखे अपूर्ण भूतकाळी सब्जंक्टिव ठेवा.