फाल्गुनातले पाहुणे पक्षी

फेब्रुवारी सरला की पाहुणे पक्षी निघून जातात, हे म्हणणे पट्टकदंब हंसांपुरते बरेचसे खरे आहे. भंडारा-गोंदियातील मामा (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या जमीनदारांच्या काळातल्या) तलावांवरून ते मार्चमध्येच तिबेट-मंगोलियाकडे निघू लागतात. भुवई बदके मात्र रेंगाळतात आणि पाणी टिकले तर एप्रिलमध्येही दिसतात. शिवाय तलावांवरच नजर ठेवली, तर या दिवसांतली खरी गर्दी हुकते, कारण मध्य आशियात परतण्यापूर्वी पळसमैनांचे थवे फुललेल्या पळस-काटेसावरींवर मधुरसासाठी तुटून पडतात, आणि परागांनी माखलेल्या चेहऱ्यांमुळे जवळून पाहूनही त्या चटकन ओळखू येत नाहीत. पक्षी पाहिल्याच्या नोंदीत तारखेबरोबर तलावाची पाणीपातळीही लिहावी. ती कमी असेल, तर बदके ऋतुमानाने गेली की पाण्याअभावी, हे पुढे ताडता येईल.