गोल्फचे बूट: दुसऱ्यांदा सोल उखडला, शनिवारपर्यंत नवे हवेत

हिरवळ_७
दुसरी जोडी गेली. चौथ्या होलवर डाव्या बुटाचा सोल टाचेकडून उघडला, कॅडीने (बॅग उचलणाऱ्या मदतनिसाने) दोरीने बांधून दिला म्हणून राऊंड पूर्ण झाला. टाचेला फोडही आलाय. शनिवारी स्पर्धा आहे. आरामदायी आणि टिकाऊ बूट सुचवा, लवकर.

पायपीट
बजेट? कोर्स कुठला? चालत खेळता की कार्टमधून? बूट कशाचे होते?

जुना_खेळाडू
चामड्याचेच घ्या. माझी जोडी नऊ वर्षं टिकली. राऊंड झाला की पुसून, आत वर्तमानपत्र कोंबून सावलीत ठेवायची.

चिखलवाट
काका, जुलैत चामडं दोन-दोन दिवस वाळत नाही, बुरशी धरते. सिंथेटिक वॉटरप्रूफ घ्या.

जुना_खेळाडू
वॉटरप्रूफमध्ये मे महिन्यात पाय शिजतात. आणि पाणी घोट्याकडून आत गेलं की तिथेच साचतं.

रेंजवाला
चेंडू उजवीकडे जात असेल तर बुटांपेक्षा काठी धरायची ग्रिप तपासा.

हिरवळ_७
चेंडूचं मी विचारलंच नाही! येरवड्याला खेळतो, चालत. आठ हजारांपर्यंत. सिंथेटिक होते, चार वर्षांपूर्वीचे, पण गुडघ्यामुळे मधली दोन वर्षं खोक्यात माळ्यावर पडून होते.

पायपीट
हे आधी सांगायचं ना! सोल पॉलियुरेथेनचा असेल तर तो हवेतल्या ओलीने पडून पडूनच कुजतो. ट्रेकिंगच्या बुटांचंही असंच होतं. पहिली जोडी कुठे ठेवायचात?

हिरवळ_७
गाडीच्या डिकीत.

पायपीट
मग उन्हाने चिकटवण सुटलं असणार. नवे घ्याल ते घरात, हवेशीर जागी ठेवा.

नवखा_गोल्फर
येरवड्याला बाहेरच्यांना खेळू देतात का? ग्रीन फी किती?

चिखलवाट
स्पाइकलेस (तळाला सुटे स्पाइक नसलेले) नको. सकाळी दवात उतारावर पाय सरकतो. सॉफ्ट स्पाइकचे (तळाला प्लास्टिकच्या बदलता येणाऱ्या खुंट्या असलेले) घ्या, पंधरा-वीस राऊंडनंतर स्पाइक बदलायचे.

टाच_दुखी
फोडाबद्दल कुणी बोललंच नाही. संध्याकाळी, पाय थोडे फुगलेले असताना, खेळतानाचे मोजे घालून दोन्ही बूट घालून बघा. टाच उचलली जात असेल तर ती जोडी सोडा. 18 होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चाल. नवे बूट थेट शनिवारी घालू नका, आजच आणून घरात रोज दोन तास वापरा.

हिरवळ_७
आज सहा वाजता दुकानात जातोय, मोजे बरोबर घेतलेत. पावलं रुंद आहेत माझी, हेही सांगायचं राहिलं.

टाच_दुखी
मग आधी रुंद मापाचेच मागा. नेहमीच्या मापात एक नंबर मोठा घेतलात तर पुन्हा टाचेलाच फोड येईल.