मोठी फाइल पीएचपीतून पाठवू नका
फक्त लॉगिन केलेल्यांनाच फाइल उतरवता यावी, यासाठी पीएचपीत लॉगिन तपासून रीडफाइलने (फाइल वाचून पाठवणारं पीएचपीचं फंक्शन) ती द्यावी, असं एका उत्तरात सुचवलंय. तपासणी हवीच, पण २ जीबीची फाइल उतरेपर्यंत पीएचपीचा एक वर्कर (विनंत्या हाताळणारी प्रोसेस) अडकून पडतो. आउटपुट बफरिंग (पाठवायचा डेटा आधी मेमरीत साठवणं) चालू असेल तर मेमरीही संपू शकते. वेब सर्व्हर एनजिनएक्स असेल तर फाइली वेबरूटबाहेर (ब्राउझरला थेट उघडणाऱ्या फोल्डरबाहेर) ठेवा, एनजिनएक्सच्या सेटिंगमध्ये त्यांच्या लोकेशनला (त्या पत्त्याच्या नियमाला) 'इंटर्नल', म्हणजे फक्त आतून वापरायचं, असं लावा आणि पीएचपीतून फक्त फाइलचा पाथ असलेलं 'एक्स-ॲक्सेल-रिडायरेक्ट' हेडर पाठवा. बाकी सगळं एनजिनएक्स बघतं, तुटलेलं डाउनलोडही तिथूनच पुढे चालू होतं. थेट पत्ता टाकणाऱ्याला ४०४ ('सापडलं नाही') मिळतो.

हमखास चुकतं ते एलियसमध्ये (लोकेशनमागचं खरं फोल्डर सांगणारी ओळ). लोकेशनच्या शेवटी स्लॅश आहे आणि एलियसच्या नाही, की फोल्डरचं आणि फाइलचं नाव चिकटून 'फाइल्सअहवाल.झिप' होतं, मग फाइल सापडणार कशी? नाव मराठीत असेल तर हेडरमधला पाथ एनकोड करा (अक्षरांच्या जागी % वाले कोड), स्लॅश मात्र तसेच ठेवून.