सिस्प्लॅटिन सुरू होण्यापूर्वी आंतरकर्णातील तोलाची यंत्रणा जपता येते का? सल्ला हवा आहे

कृष्णाकाठ
नमस्कार. माझ्या वडिलांची (वय ६१) जिभेच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असून लवकरच किरणोपचारासोबत सिस्प्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध सुरू होणार आहे. दर तीन आठवड्यांनी शरीराच्या पृष्ठफळाच्या प्रति चौरस मीटर १०० मिलिग्रॅम, अशा तीन मात्रा ठरल्या आहेत. ऐकण्यावर परिणाम होऊ शकतो हे डॉक्टरांनी समजावून सांगितले. तोलाचा विषय मात्र निघालाच नाही. बाबा पहाटे अंधारात मोटर सुरू करायला बांधावरून एकटे चालत जातात, त्यामुळे मला ऐकण्यापेक्षा त्यांच्या पडण्याची धास्ती अधिक वाटते. एका परिचितांनी गिंको आणि एन-ॲसिटिल सिस्टीनच्या कॅप्सूल सुचवल्या आहेत. मेडिकलमधून त्या आणण्यापूर्वी इथल्या जाणकारांना विचारावे असे वाटले.

श्रवणवाटा
मी ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण व तोल तपासणारी तज्ज्ञ आहे. सर्वप्रथम, त्या कॅप्सूल कृपया आणू नका. तोल वाचवण्यासाठी त्यांचा उपयोग सिद्ध झालेला नाही, आणि केमोथेरपीच्या काळात डॉक्टरांना न सांगता अँटिऑक्सिडंट घेतल्यास औषधाचा कर्करोगाच्या पेशींवरील परिणामच कमी होण्याची शंका राहते. चक्करेसाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या बीटाहिस्टिनचेही तेच आहे. ती संरक्षक गोळी नव्हे.

सिस्प्लॅटिन आंतरकर्णातील रोमपेशींना, म्हणजे आवाज आणि हालचाल टिपणाऱ्या सूक्ष्म पेशींना, इजा करते. ऐकण्याच्या भागात आधी उंच स्वर जातात, आणि मेलेल्या रोमपेशी माणसात पुन्हा उगवत नसल्यामुळे ती हानी बहुधा कायमची असते. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवले की हे औषध शरीरातील इतर बहुतेक ठिकाणांहून निघून गेल्यावरही कॉक्लियात, म्हणजे आंतरकर्णाच्या ऐकण्याच्या भागात, महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे टिकून राहते. म्हणून शेवटच्या मात्रेनंतरही तपासण्या थांबवू नयेत. अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांच्या पायथ्याच्या दोन पिशव्या, म्हणजे तोलाचा भाग, यांतही अशाच पेशी असतात. तोलावरील परिणाम ऐकण्याइतका काटेकोर मोजला गेलेला नाही आणि निरनिराळ्या अभ्यासांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, परंतु तो होऊ शकतो.

घरच्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी. दोन्ही कानांची इजा साधारण सारखी असली तर गरगरल्यासारखी चक्कर बहुधा येत नाही. रुग्ण म्हणतो, ‘अंधारात पाय नीट पडत नाही’ किंवा ‘चालताना दुकानांच्या पाट्या हलतात’, आणि घरातले ते अशक्तपणावर ढकलतात.

म्हणून पहिल्या मात्रेपूर्वीच मूळ नोंद करून घ्या: ८ किलोहर्ट्झच्या वरचे उंच स्वरही तपासणारी ऑडिओमेट्री (श्रवणचाचणी) आणि सोय असेल तर व्हिडिओ हेड इम्पल्स चाचणी. त्या चाचणीत डोके झटकन थोडेसे वळवून डोळे लक्ष्यावर टिकतात का ते कॅमेऱ्याने पाहतात. तिची सोय नसल्यास डोळ्यांच्या तक्त्यावर काम भागते: डोके स्थिर असताना वाचता येणाऱ्या ओळींपैकी, तज्ज्ञाने डोके हलवत ठेवल्यावर दोनांपेक्षा जास्त ओळी कमी झाल्या तर पुढची तपासणी करावी. जिभेच्या शस्त्रक्रियेत बहुधा मानेच्या गाठीही काढलेल्या असतात, त्यामुळे डोके हलवण्याच्या या दोन्ही चाचण्यांपूर्वी सर्जनची परवानगी घ्या.

रात्रपाळी
मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. माझ्या मते खरे संरक्षण दुसरा घाव टाळण्यात आहे. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरल्या आणि ताप आला तर प्रतिजैविक तातडीने सुरू करावेच लागते. त्यात दिरंगाई जिवावर बेतू शकते. परंतु प्रतिजैविकांपैकी जेंटामायसिन तोलाच्या रोमपेशींवर आणि अमिकासिन प्रामुख्याने ऐकण्याच्या पेशींवर आघात करते, तर फ्युरोसेमाइड हे लघवीचे इंजेक्शन अशा औषधांचा कानावरील दुष्परिणाम वाढवते. ‘सिस्प्लॅटिन चालू आहे, पर्याय असल्यास कानाला घातक औषध टाळावे’ अशी ओळ आपल्या डॉक्टरांकडून फाइलच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. रात्री-अपरात्री गावाजवळच्या दवाखान्यात जावे लागले, तर तिथल्या डॉक्टरांना तीच ओळ आधी दिसते.

मात्रेआधी व नंतरचे सलाईन आणि मॅग्नेशियम प्रामुख्याने मूत्रपिंडासाठी असते, पण मूत्रपिंड मंदावले की औषध शरीरात अधिक रेंगाळते, म्हणून कानासाठीही ते महत्त्वाचे आहे. उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली तर आधी रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि शरीरातले पाणी तपासा. प्रत्येक तोल कानामुळेच जातो असे नाही.

कृष्णाकाठ
आपणा दोघींचे मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. सोडियम थायोसल्फेट नावाचे संरक्षक औषध आहे असे वाचले, ते बाबांना देता येईल का? आणि दर आठवड्याला लहान मात्रा मागून घेतली तर कान वाचतील का?

श्रवणवाटा
थायोसल्फेटला अमेरिकेत सप्टेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली ती मुलांसाठी, आणि तीही कर्करोग इतरत्र पसरलेला नसताना. ते सिस्प्लॅटिनला बांधून निष्प्रभ करते, म्हणूनच केमो संपल्यावर सहा तासांनी दिले जाते. यकृताच्या कर्करोगाच्या मुलांवरील एका चाचणीत श्रवणदोषाचे प्रमाण ६३ टक्क्यांवरून ३३ टक्क्यांवर आले. दुसऱ्या एका चाचणीत मात्र आजार पसरलेल्या मुलांमध्ये या औषधाच्या गटातील जगण्याचे प्रमाण कमी आढळले, त्यामुळे सावधगिरी बाळगली जाते. दोन्ही चाचण्यांत मोजले गेले ते ऐकणे, तोल नव्हे. थोडक्यात, बाबांच्या बाबतीत हे औषध लागू होत नाही.

साप्ताहिक मात्रेबद्दल घाई करू नका. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आठवड्याला प्रति चौरस मीटर ३० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना तीव्र दुष्परिणाम कमी झाले, पण मूळ जागेच्या आजारावरचे नियंत्रण दर तीन आठवड्यांच्या १०० मिलिग्रॅमने अधिक चांगले राहिले. आठवड्याला ४० मिलिग्रॅमचे निकाल पुढे आशादायक आले आहेत, तेव्हा ऐकणे आधीच कमी असेल तर हा पर्याय डॉक्टरांसमोर जरूर काढा. निर्णय त्यांचाच असू द्या. किरणोपचाराचा आराखडा करणाऱ्यांना मात्र आंतरकर्णाला किती किरणे पोहोचतील हे निःसंकोच विचारा. कॉक्लियाची सरासरी मात्रा ४५ ग्रेच्या (ग्रे हे किरणांच्या मात्रेचे एकक) आत ठेवण्याचा दंडक आहे. सिस्प्लॅटिन सोबत असताना ती जितकी कमी तितके बरे.

पाऊलवाट
मी फिजिओथेरपिस्ट आहे. मेंदू तोल सांभाळतो तो डोळे, आंतरकर्ण आणि तळपाय या तिघांच्या भरवशावर. सिस्प्लॅटिन पायांच्या नसांनाही बधिर करू शकते आणि अंधारात डोळ्यांचा आधार जातो, म्हणून तुमच्या वडिलांच्या पहाटेच्या फेरीची तुमची काळजी अगदी रास्त आहे. उपचार चालू असेपर्यंत मोटरला ऑटो स्टार्टर बसवा किंवा उजाडल्यावर सोबतीने जाऊ द्या. चप्पल मागे पट्टा असलेली असावी.

सर्जनने परवानगी दिल्यावर एक साधा व्यायाम सुरू करता येईल: हाताच्या अंतरावर धरलेल्या अक्षरावर नजर रोखून, अक्षर स्पष्ट राहील इतक्याच वेगाने डोके डावीकडे-उजवीकडे मिनिटभर वळवायचे, दिवसातून तीनचार वेळा, आधी बसून आणि मग भिंतीच्या कोपऱ्यात उभे राहून. याने मेलेल्या पेशी परत येत नाहीत. मेंदू उरलेल्या आधारांवर काम चालवायला शिकतो. उलटीसाठी दिलेले स्टेमेटिल डॉक्टरांच्या सांगण्यानुसार घ्यावे, परंतु तोल जातो म्हणून ते महिनोन्‌महिने परस्पर चालू ठेवल्यास मेंदूचे हे शिकणे मंदावते.

अंथरुणात कूस बदलताना काही सेकंद गरगरले, तर तो बहुधा आंतरकर्णातील कण सरकल्याचा वेगळा आजार असतो आणि डोक्याच्या ठरावीक हालचालींनी तो अनेकदा एकदोन बैठकांत बरा होतो. मानेची शस्त्रक्रिया झालेली असल्याने त्या हालचाली घरी करून पाहू नका.

कृष्णाकाठ
फाइलवर ती ओळ लिहून घेण्याचे आणि सर्जनच्या परवानगीनंतर ऑडिओमेट्रीसोबत हेड इम्पल्स चाचणी करून घेण्याचे ठरवले आहे. बाबा स्कूटर चालवण्याचा हट्ट धरतात, तेवढे सांगाल का?

पाऊलवाट
चालताना किंवा मान वळवल्यावर समोरचे दृश्य हलत असेल, किंवा पायाला ब्रेक नीट जाणवत नसेल, तर अजिबात नको. दोन्ही नसेल तरी केमोच्या दिवशी आणि त्यानंतर उलटीच्या गोळ्यांची झापड उतरेपर्यंत किल्ली तुमच्याकडेच राहू द्या.