व्होरोन्त्सोव्ह खरंच दमदार सेनापती की नुसती घराण्याची पुण्याई?

खानापूरकर:
मंडळी, सध्या रशियन जनरल काउंट मिखाईल व्होरोन्त्सोव्हबद्दल वाचायलोय. बाप लंडनात रशियाचा राजदूत, पोरगं तिथंच वाढलं, म्हणजे तालेवार घर. १८४५ ला कॉकेशसात रशियाशी लढणाऱ्या डोंगरी लोकांचा पुढारी इमाम शामिल, त्याच्या दार्गो गावावर मोहीम काढली, फौजेची पार वाट लावून परत आला, आणि झारनं वर प्रिन्स केलं!! हा वशिला न्हवं तर काय? जाणकारांनी सांगा की.

टिळकवाडीकर:
भावा, नुसत्या दार्गोवरनं माप काढू नको. १८१२ ची नेपोलियनविरुद्धची बोरोदिनोची लढाई बघ, रशियन जनरल बाग्रातियोनच्या मातीच्या मोर्च्यांवर ह्याची ग्रेनेडियर डिव्हिजन, सकाळी सुमारे ४००० माणसं, दिवस संपताना ३०० च्या आसपास, हा स्वतः जखमी. घरचं सामान हलवायला आलेल्या गाड्या रिकाम्या करून त्यात जखमी घातले आणि आपल्या इस्टेटीवर नेऊन स्वखर्चानं बरे केले. १८१४ ला फ्रान्सात क्राओनच्या लढाईत खुद्द नेपोलियनसमोर दिवसभर टिकून शिस्तीत मागं आला. पुढं नेपोलियन हरल्यावर फ्रान्समध्ये ठेवलेली रशियन फौज परत निघाली तेव्हा आपल्या अधिकाऱ्यांनी तिथं करून ठेवलेली कर्जं ह्यानं खिशातनं फेडली. असल्या साहेबासाठी जवान काय करतात ते आपल्या बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीच्या कुठल्याही पेन्शनर काकांना विचार.

निपाणीकर:
सर ते सगळं मान्य, पण दार्गोत सरळसरळ उंबरखिंड झाली. शामिलनं गाव स्वतःच जाळून मोकळं केलेलं, ह्यांच्या हाती राख. मग बिस्किटं आणायला तुकडी जंगलातनं मागं पाठवली तर जाताना-येताना झाडं आडवी टाकून दोन्ही बाजूंनी कापली. उंबरखिंडीत कारतलबखान निदान शरण येऊन, सामान टाकून सुटला, इथं जनरल फ्रायटाग मदतीला आला नसता तर अख्खी कॉलम संपली असती. रसद तुटती दिसत असताना पुढं गेलाच कशाला?

टिळकवाडीकर:
प्लॅन झार निकोलसचा, पीटर्सबर्गात बसून केलेला. व्होरोन्त्सोव्हनं नाही म्हणायला पाहिजे होतं, तिथं तो कमी पडलाच. पण नंतर त्यानं पद्धत बदलली, एका धडकेत डोंगर घ्यायचा नाद सोडला, जंगल तोडत रस्ते आणि ठाणी पुढं सरकवत नेली.

खानापूरकर:
मग शामिलला पकडला कुणी?

निपाणीकर:
रशियन जनरल बार्यातिन्स्कीनं, १८५९ ला, दागिस्तानातल्या गुनिबला. दार्गोत जखमी झालेला गडी. आणि वशिल्याचं म्हणशील तर तो पण प्रिन्सच 😄